कॅनोस्कॅन लाइड ३०० : ट्रंकेतल्या फोटोंना किती डीपीआय पुरे?

जाहिरातीत ‘२४०० × २४०० डीपीआय’ (म्हणजे इंचाला इतके ठिपके) हा आकडा सगळ्यांत मोठा असतो आणि घेणारा बहुतेक वेळा तेवढाच वाचून स्कॅनर घरी आणतो. मग ट्रंकेतला आजोबांचा फोटो काढायचा, काचेवर पालथा घालायचा, आकडा टोकापर्यंत न्यायचा, आणि लॅपटॉप धापा टाकायला लागला की स्कॅनरच्या नावानं बोटं मोडायची. यात कॅननच्या लाइड ३०० या स्कॅनरचा काही दोष नाही. सुट्या, सपाट फोटोंसाठी हे यंत्र त्याच्या किमतीच्या मानानं फार चांगलं आहे. फक्त त्याच्याकडं काय मागायचं ते कळलं पाहिजे, आणि बहुतेक फोटोंसाठी मागायचा आकडा ६०० आहे.

आधी यंत्राबद्दल. काच ए-४ मापाची, २१६ × २९७ मिमी. अंगानं बारीक, दप्तरात मावेल असं. वेगळा अडॅप्टर नाही; यूएसबीच्या एकाच केबलमधून वीज घेतं आणि चित्र देतं. लाइन गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहतं, याचं महत्त्व मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. एक काळजी घ्या. केबल थेट लॅपटॉपला लावा. मध्ये चार तोंडांचा स्वस्त हब घातला की वीज कमी पडते आणि स्कॅन अर्ध्यातच तुटतो, मग दोन-दोनदा ड्रायव्हर टाकत बसावं लागतं. दोष हबचा असतो.

कंपनीच्या आकड्यांनुसार ए-४ रंगीत पान ३०० डीपीआयवर सुमारे १० सेकंदांत होतं. याच घराण्यातला लाइड ४०० तेच काम सुमारे ८ सेकंदांत करतो आणि ४८०० डीपीआयपर्यंत जातो. वेग हवा असेल तर तो जरूर घ्या, पण केवळ ४८०० साठी जास्तीचे पैसे मोजू नका. कागदावरच्या फोटोत त्या आकड्याच्या जवळपास जाईल इतका तपशीलच नसतो. दोन्हींतही निगेटिव्ह स्कॅन होत नाही, कारण त्यासाठी झाकणातून उजेड यावा लागतो आणि इथं झाकण म्हणजे नुसतं झाकण आहे.

आता आकड्यांकडं. डीपीआय म्हणजे एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो ते. नेहमीचा ४ × ६ इंची फोटो ३०० वर घेतला तर १२०० × १८०० ठिपके मिळतात, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. ६०० वर २४०० × ३६००, साडेआठ मेगापिक्सेलच्या वर. १२०० वर ४८०० × ७२००, साडेचौतीस मेगापिक्सेल. आकडा दुप्पट केला की ठिपके चौपट होतात, फाइलही चौपट आणि थांबणंही वाढतं. टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावता साठवणाऱ्या फाइलीत, साध्या २४ बिट रंगात, ६०० ची फाइल २६ एमबीच्या आसपास आणि १२०० ची १०४ एमबीच्या आसपास जाते. पाचशे फोटोंचं घराणं असेल तर ६०० वर १३ जीबी, १२०० वर ५२ जीबी. पहिला ढीग साध्या पेन ड्राइव्हवर मावतो. दुसरा कुणी पुन्हा उघडून बघत नाही.

पण फाइल जड होते एवढ्यासाठीच ६०० वर थांबायचं असं नाही. खरं कारण कागदात आहे. स्टुडिओनं किंवा लॅबनं फोटो मोठा करून कागदावर उतरवला त्याच क्षणी त्यातला तपशील ठरून गेला. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या रंगीत लॅब प्रिंटमध्ये ३०० डीपीआयवर पकडता येईल त्यापेक्षा फारसं काही सापडत नाही. मग ३०० वरच का थांबू नये? दोन कारणं. कडा स्वच्छ टिपायच्या तर थोडी जास्तीची जागा लागते. अगदी काठावरचा आकडा घेतला की पापण्या, चष्म्याची दांडी, लुगड्याच्या काठाची नक्षी अशा ठिकाणी रेषा दातेरी होतात. आणि ६०० वर घेतलेला ४ × ६ चा फोटो पुढं दुप्पट मापात, म्हणजे ८ × १२ इंची, ३०० च्या दर्जानं छापता येतो. फ्लेक्सवाल्याचंही काम याच फाइलवर भागतं: ३ फूट रुंदीच्या फलकाला २४०० ठिपके म्हणजे इंचाला ६७ पडतात, आणि चौकात दहा पावलांवरून बघायच्या फलकाला तेवढे पुरतात.

यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. ट्रंकेतला सगळ्यांत स्पष्ट फोटो निवडा. लग्नातला असेल तर उत्तम, कारण पैठणीच्या काठावरची नारळी नक्षी ही तपासणीसाठी फार चांगली जागा आहे. तेवढाच दोन इंचांचा भाग ३००, ६०० आणि १२०० वर घ्या. तिन्ही फाइली स्क्रीनवर सारख्याच मापाच्या दिसतील अशा मोठ्या करा: ३०० ची ४०० टक्के, ६०० ची २०० टक्के, १२०० ची १०० टक्के. ३०० वर काठाची टोकं एकमेकांत मिसळलेली दिसतात. ६०० वर प्रत्येक त्रिकोण वेगळा होतो. १२०० वर त्रिकोण तेच राहतात, फक्त कागदाचे तंतू, धुळीचे कण आणि रंगाचे ढगाळ डाग मोठे होतात. शंका राहिलीच तर १२०० ची फाइल निम्मी करून सेव्ह करा, मग पुन्हा दुप्पट करा आणि मूळ फाइलीशेजारी ठेवा. दोन्हींत फरक सापडला नाही तर वरचे ६०० ठिपके फुकट गेले. ड्रायव्हरमध्ये यंत्राच्या ऑप्टिकल, म्हणजे सेन्सरच्या खऱ्या, क्षमतेपुढचे आकडेही टाकता येतात. तो निव्वळ हिशेबानं भरलेला फुगवटा असतो, त्याच्या वाटेला जाऊच नका.

मोठा आकडा कुठं लागतो? जिथं फोटो लहान आणि छापायचंय मोठं, तिथं.

आपल्याकडं हा प्रसंग हमखास येतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आजोबांचा घरात एकच फोटो असतो, आणि तोही पेन्शनच्या कागदावर चिकटवलेला पासपोर्ट साइझचा, कोपऱ्यात गोल शिक्का मारलेला. १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की कुणाला तरी तो मोठा करून लावायचा असतो. ३५ × ४५ मिमीचा फोटो ६०० वर घेतला तर ८२७ × १०६३ ठिपके मिळतात. ८ × १० इंची फ्रेमला हे तोकडं आहे. १२०० वर १६५४ × २१२६ मिळतात, म्हणजे ८ × १० इंचात इंचाला २०० च्या वर. भिंतीवर टांगायच्या फोटोला हे ठीक दिसतं. पूर्ण ३०० हवे असतील तर १७५० च्या आसपास स्कॅन करावं लागेल आणि लाइड ३०० ते करूही शकतो, पण एवढ्याशा प्रिंटमध्ये तितका ऐवज क्वचितच निघतो. १२०० वर अजून एक फायदा आहे: शिक्क्याची शाई आणि खालचा चेहरा यांच्यातली सीमा स्पष्ट मिळते, आणि पुढं शिक्का काढणाऱ्याचं काम सोपं होतं. फोटो कागदावरून उपटू नका, कागदासकट स्कॅन करा. स्टेपलरची पिन असेल तर काचेवर आधी ओएचपीची पारदर्शक फिल्म ठेवा. पिनेनं काचेवर पडलेला एक ओरखडा पुढच्या प्रत्येक फोटोत पांढरी रेघ होऊन येतो.

दुसरी जागा म्हणजे जुन्या बॉक्स कॅमेऱ्याचे काळे-पांढरे चौकोनी प्रिंट. आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात १२० च्या रोलवर ६ × ६ सेंमीचे बारा फोटो निघत, आणि पुष्कळदा निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच मापाचा प्रिंट, म्हणजे कॉन्टॅक्ट प्रिंट, काढत. मोठं करणारं भिंग मध्ये नसल्यामुळं या इवल्याशा फोटोंत आश्चर्य वाटावं इतका तपशील असतो. त्यांना १२०० द्या. वेरूळच्या कैलास लेण्यापुढं उभं राहून काढलेल्या अशा फोटोत माणसं नखाएवढी असली तरी मागच्या हत्तीवरचं कोरीव काम निघतं.

आणि शाळेचे ग्रुप फोटो. फोटो मोठा म्हणून ३०० पुरेल असा हिशेब इथं फसतो, कारण आपल्याला बघायचा असतो तो एक चेहरा. १० × १२ इंची फोटोत मागच्या रांगेतलं डोकं ८ मिमी रुंद धरा. ३०० वर त्याच्या वाट्याला ९४ ठिपके येतात, ६०० वर १८९. स्टुडिओवाल्यानं मोठ्या प्लेट कॅमेऱ्यानं काढलेला फोटो असेल तर ६०० नक्की घ्या, एका कोपऱ्यावर १२०० करून बघा. १० × १२ काचेवर एका दमात मावत नाही. दोन तुकडे घ्या, मध्ये किमान दोन इंच सामाईक ठेवा आणि दुसऱ्या वेळी फोटो फिरवू नका, फक्त सरकवा. रंग आणि उजेड आपोआप सुधारण्याची सोय दोन्ही वेळा बंद हवी, नाहीतर एक अर्धा गोरा आणि एक अर्धा सावळा होतो आणि जोड लपत नाही. जोडायला ह्युगिन हे फुकट सॉफ्टवेअर चालतं.

आता या स्कॅनरची खरी मर्यादा, जी कोणत्याच आकड्यात दिसत नाही. लाइड ३०० मध्ये सीआयएस जातीचा सेन्सर आहे. काचेच्या रुंदीएवढी सेन्सरची एक पट्टी, वर बारीक भिंगांची ओळ, बाजूला एलईडी. ही पट्टी काचेच्या अगदी खालून सरकते, त्यामुळं यंत्र एवढं पातळ झालंय. मोबदल्यात फोकस फक्त काचेला टेकलेल्या वस्तूवर राहतो. फोटोचा कोपरा मिलिमीटरभर उचलला गेला तरी तिथं मऊपणा येतो. फोटो मधोमध कमान करून बसला असेल तर कडा धारदार आणि चेहरा धूसर, आणि चेहरा तर नेमका मध्येच असतो. लोक मग डीपीआय वाढवतात. धूसर चेहरा ६०० ऐवजी २४०० ठिपक्यांत धूसर दिसतो, एवढाच काय तो फरक.

म्हणून सपाटी ही डीपीआयच्या आधीची गोष्ट. झाकण या कामाला पुरेसं जड नाही. फोटोवर काळा कार्डशीट, त्यावर वर्तमानपत्राची पातळ घडी, मग झाकण, आणि झाकणावर एखादं जाडजूड पुस्तक. हातानं दाबू नका. हात हलतो, आणि सेन्सर सरकत असताना फोटो केसभर हलला की कडेला लाल-निळी किनार उमटते, कारण हा स्कॅनर लाल, हिरवा, निळा असे तीन उजेड एकामागून एक पाडतो. काळ्या कार्डशीटचे अजून दोन उपयोग. फोटोमागं पेननं लिहिलेलं पुढं झिरपून दिसत नाही. आणि पांढऱ्या बॉर्डरचा फोटो पांढऱ्या झाकणाखाली ठेवला तर आपोआप कापणाऱ्या सॉफ्टवेअरला कड सापडत नाही, ती काळ्यावर लगेच सापडते. जुन्या प्रिंटच्या करवती कडा वाचवायच्या असतील तर हे आवश्यकच.

सपाटीचा हवामानाशी फार जवळचा संबंध आहे. फोटोच्या तोंडावर जिलेटिनचा थर असतो. चैत्र-वैशाखात आपल्याकडची हवा पार कोरडी होते, तो थर आकसतो आणि जुना, प्लॅस्टिकचा थर नसलेला कागद पानाच्या विड्यासारखा आत वळतो. अशा फोटोला उलटा वळवून सरळ करायला गेलात तर थराला तडे जातात. सुट्टीला पोरं घरी आली म्हणून मे महिन्यात स्कॅनिंगला बसण्याची रीत आहे, पण जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंसाठी तो सगळ्यांत वाईट महिना. पाऊस पडून हवा जरा ओलसर झाली की तेच फोटो मऊ पडतात. दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर पुस्तकांचं ओझं द्या आणि आठवडाभर विसरून जा. मात्र भरपावसात चकचकीत रंगीत फोटो काचेवर जास्त वेळ ठेवू नका, ते काचेला धरतात. आणि कूलरच्या झोतात कधीही बसू नका. कूलर पाण्याची वाफ सोडतो. फोटो एका बाजूनं ओला होतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत वळायला लागतो.

धुळीचंही सांगून टाकू. ६०० वर धुळीचा जो कण दिसत नाही तो १२०० वर खडा होतो. माळवदाच्या घरात वरून बारीक माती झिरपतच असते, तिथं स्कॅनर माळवदाखाली मांडू नका, पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत न्या. काच मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्यानं पुसा. ओलं लागलंच तर द्रव फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. कडेनं आत गेला की खालच्या बाजूला ढग धरतात आणि ते बाहेरून पुसता येत नाहीत. फोटो मऊ ब्रशनं झटका, पदरानं नाही. सुती कापडातली एक कच ओरखडा पाडायला पुरते. बुरशी आलेला फोटो पुसूच नका. कोरडा होऊ द्या, तसाच स्कॅन करा.

सेटिंग्जमध्ये वेळ घालवू नये, पण चार गोष्टी बघाव्यात. कॅननच्या स्कॅनगियर ड्रायव्हरमध्ये आत शिरून अनशार्प मास्क (कडा कृत्रिमपणे धारदार करणारी सोय) चालू असेल तर बंद करा. धूळ-ओरखडे कमी करण्याची सोय बंद करा. ती कण पुसताना बुगडीतला मोतीही पुसते. काळा-पांढरा फोटोही रंगीत मोडमध्येच घ्या, कारण पिवळे डाग आणि शाईचे शिक्के रंगावरून वेगळे करता येतात, ग्रेस्केलमध्ये ती वाट बंद होते. आणि मूळ प्रत टिफमध्ये. जेपेग वाटायला चांगलं, पण दर वेळी उघडून, बदलून सेव्ह केलं की थोडं झिजतं.

रंग उतरलेल्या फोटोंची फेडिंग करेक्शन नावाची सोय यात आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातले पुष्कळ रंगीत फोटो लालसर झालेले असतात, कारण त्यातला निळसर-हिरवा रंग आधी मरतो. एका बटणात फोटो बरा दिसायला लागतो खरा, पण प्रत्येक फोटोला तो वेगळा न्याय लावतो आणि एकाच लग्नाच्या अल्बममधली नवरी तीन रंगांची होते. मूळ स्कॅन हात न लावता ठेवा, सुधारणा प्रतीवर करा.

काचेवर एका वेळी किती फोटो मांडायचे? ३.५ × ५ इंची चार नीट बसतात. ४ × ६ चे दोनच. तिसरा दाटीवाटीनं बसवता येतो, पण मग कडा काचेच्या अगदी टोकाला जातात, आणि टोकाचा काही भाग सेन्सरला दिसतच नाही. फोटोंमध्ये सेंटिमीटरभर जागा सोडली तर सॉफ्टवेअर आपोआप वेगळ्या फाइली करतं.

काही फोटोंपुढं हा स्कॅनर हात टेकतो. सिल्क पेपर हा पहिला. सत्तर-ऐंशीच्या दशकात स्टुडिओवाले हौसेनं देत, वर मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असायची. स्कॅनरचा उजेड एकाच बाजूनं येतो, प्रत्येक उंचवट्यावर चमक पडते आणि चेहऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पडदा येतो. डीपीआय वाढवला तर पडदा अजून ठसठशीत होतो. उपाय कटकटीचा आहे पण लागू पडतो: ६०० वर एकदा सरळ घ्या, एकदा फोटो १८० अंशांत फिरवून घ्या, गिंप या फोटो सुधारायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दुसरा स्कॅन सरळ करून पहिल्यावर तंतोतंत बसवा आणि वरचा थर ‘डार्कन ओन्ली’वर, म्हणजे दोन्हींतला गडद ठिपका राखणाऱ्या सोयीवर, ठेवा. दोन्हींतली चमक वेगवेगळ्या जागी असते, ती निघून जाते.

दुसरा, भिंतीवरचा. फ्रेमच्या काचेवर वर्षानुवर्षं गंध लावलेलं, हार घातलेला, ओल कडेनं आत शिरलेली आणि फोटो काचेला चिकटलेला. काचेसकट स्कॅन करायला गेलात तर फोटो स्कॅनरच्या काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहतो आणि सीआयएसला तो दिसत नाही. ओढलात तर चेहरा काचेवर राहतो. घरी पाण्यात घालण्याचे उपाय सांगणारे भेटतील, ऐकू नका. असा फोटो कॅमेऱ्यानं किंवा फोननं टिपायचा: काच बाहेरून पुसून, सावलीत, दोन बाजूंनी सारखा उजेड घेऊन, फोन फ्रेमला समांतर धरून, जरा लांबून झूम करून, समोर काळं कापड धरून म्हणजे प्रतिबिंब येत नाही. गूगलचं फोटोस्कॅन ॲप चार कोपऱ्यांवरून फोटो घेऊन चमक काढतं, घाईच्या कामाला ठीक. सीसीडी सेन्सरचा, आत आरसे आणि भिंग असलेला स्कॅनर काचेआडचाही बऱ्यापैकी टिपतो. एप्सनचा व्ही ६०० त्यातला. निगेटिव्हही तोच घेतो. पण तो आकारानं, वजनानं आणि किमतीनं वेगळ्याच घरचा आहे. निजामाच्या काळातले जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, बाक आलेले स्टुडिओ फोटोही दाबून सपाट करू नका. पुठ्ठा कडक झालेला असतो, काडकन मोडतो. त्यांनाही कॅमेराच.

तिसरा, छापील कागदावरचा. गौरवग्रंथ, स्मरणिका, वर्तमानपत्राचं कात्रण. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घरं गेलेल्या किल्लारी पट्ट्यातल्या काही कुटुंबांकडं माणसाचा म्हणून एवढाच फोटो उरलेला असतो. तो छपाईच्या ठिपक्यांनी बनलेला आहे. ३०० वर घेतला तर ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांवर बसून लाटा उमटतात. ६०० वर, ड्रायव्हरमधलं डीस्क्रीन (छपाईचे ठिपके पुसणारी सोय) चालू करून घ्या आणि नंतर माप निम्मं करा. चेहरा नितळ होतो. त्यात नसलेला तपशील मात्र १२०० नंही येणार नाही, आणि मोठा करून छापायचा मोह आवरता घ्यावा. पोस्टकार्डाच्या मापात तो फोटो बोलतो, फ्लेक्सवर नुसते डाग उरतात. चिखल लागून सुरकुतलेला मूळ फोटो असेल तर तो याच्या दसपट मोलाचा. त्याला आधी सपाटी, मग १२००, कारण तडे बुजवणाऱ्याला तड्याच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसाव्या लागतात.

मग लाइड ३०० घ्यावा का? घरात इंक टँक प्रिंटर असेल तर आधी त्याचं झाकण उघडून बघा. त्याच्या माहितीपत्रकात बहुधा ६०० × १२०० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा सेन्सरचा, दुसरा सेन्सर सरकवणाऱ्या मोटारीच्या पावलांचा. लहान आकडा खरा धरायचा. म्हणजे ६०० तिथंही आहे, आणि पन्नास-साठ लॅब प्रिंटांसाठी वेगळा स्कॅनर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. लहान फोटो, कॉन्टॅक्ट प्रिंट, ग्रुप फोटो जास्त असतील, दोन-चारशेचा ढीग असेल, किंवा गावोगावच्या भावकीत हिंडून फोटो गोळा करायचे असतील, तर लाइड ३०० पैसे वसूल करतो. अल्बमला चिकटलेल्या आणि फ्रेममध्ये अडकलेल्या फोटोंचा भरणा असेल तर घेऊ नका.

बाहेर काम द्यायचं असेल, संभाजीनगरच्या गुलमंडीवर काय किंवा तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर काय, तर नुसतं ‘स्कॅन करून द्या’ म्हणू नका. तिथलं यंत्र आधार कार्डासाठी २०० किंवा ३०० वर लावून ठेवलेलं असतं, वर पीडीएफ करून मिळते. “दादा, सहाशे डीपीआयवर घ्या, रंगीत, टिफ द्या, पीडीएफ नको, आणि फोटो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, पेन ड्राइव्हवर टाका.” एवढं बोललात तर काम नीट होतं. फाइल हातात आली की तिथंच राइट क्लिक करून ठिपके मोजा. ४ × ६ चा फोटो २४०० × ३६०० च्या आसपास नसेल तर पुन्हा करायला सांगा. नुसता ‘६०० डीपीआय’ हा शिक्का फाइलीत नंतरही मारता येतो, तपशील देणारे खरे ठिपके मात्र नंतर वाढवता येत नाहीत.

आणि प्रत्येक फोटोची मागची बाजू. तिला ३०० भरपूर झाले, जेपेगही चालेल. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेली तिथी, कुणाच्या तरी मोडी वळणाच्या अक्षरातलं नाव, सगळं तिथं असतं. पुढच्या फाइलीला ‘१९७४-परळी-लग्न-००३’ असं नाव दिलंत तर मागच्या बाजूच्या फाइलीला तेच नाव देऊन शेवटी ‘मागे’ लावा, म्हणजे फोल्डरमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी राहतात.